बोलणाऱ्या टोकाचे कान: लहान मेंदूतले प्रीसिनॅप्टिक रिसेप्टर कसे समजून घ्यावेत

आमच्या गावच्या खारबंधाऱ्याला एक उघाडी आहे. भातशेतातलं पाणी नळातून खाडीत जातं आणि नळाच्या खाडीकडच्या तोंडावर एक जाड लाकडी झडप टांगलेली आहे. ओहोटीला शेतातलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती चढायला लागली की खाडीचं पाणी तीच झडप उलट दाबतं, ती धप्पकन बसते आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. तिथे दार लावायला कुणी उभं नसतं. पाणी सोडतं शेत, पण कधी सोडायचं आणि कधी थांबायचं हे पलीकडची पातळी ठरवते.

चेतापेशीच्या टोकावरचे प्रीसिनॅप्टिक रिसेप्टर शिकवताना मी याच उघाडीपासून सुरुवात करते. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत एक पेशी रसायन सोडते, मधे फट असते आणि पलीकडच्या पेशीवर रिसेप्टर, म्हणजे ते रसायन ओळखणारी प्रथिनं, असतात. मीही कितीतरी वर्षं फळ्यावर तेवढंच काढत होते. मग एका मुलीनं विचारलं, "मॅडम, घेणाऱ्या पेशीला 'पुरे' म्हणायचं असेल तर ती काय करते?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला हा विषय नव्यानं कळला. संदेश पाठवणारं टोक ऐकतही असतं. ते कुणाचं ऐकतं हे आकृतीत दाखवल्याशिवाय लहान मेंदूचं काम समजत नाही, असं माझं ठाम मत आहे.

खालच्या पायऱ्या बारावी सायन्सच्या आणि बीएस्सीच्या मुलांसाठी आहेत. एक मोठा कोरा कागद, तीन रंगांच्या पेन्सिली आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर एवढं घेऊन बसा. नुसतं वाचू नका, हातानं काढा.

पायरी १: आधी नकाशा काढा

लहान मेंदू, म्हणजे पुस्तकातलं अनुमस्तिष्क, डोक्याच्या मागच्या बाजूला खाली असतं. आकारानं ते पूर्ण मेंदूच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं. पण माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी सुमारे ६,९०० कोटी इथे आहेत, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या इवल्याशा ग्रॅन्यूल पेशी. होडीच्या पुढच्या टोकावर उभं राहून पाग फेकणारा माणूस बघा. पायाखालचं फळकूट डुलतंय, कंबर वळतेय, हातातलं जाळं गोल उघडतंय, आणि त्याचं लक्ष फक्त पाण्यातल्या माशांच्या सळसळीवर आहे. पाय, कंबर आणि हात यांची ही वेळ साधण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो.

कागदाच्या मध्यभागी एक पर्किन्जे पेशी काढा. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं १८३७ मध्ये या पेशींचं वर्णन केलं. तिचा फांद्यांचा विस्तार दाट पण चपटा असतो, ताडाचं पान उभं धरावं तसा. आता तिच्यावर येणारे दोन रस्ते काढायचे.

पहिला रस्ता मॉसी तंतूंचा. पावसाळ्यात जांभ्याच्या गडग्यावर शेवाळाचे गुंजके उगवतात, तशी या तंतूंची टोकं दिसतात, म्हणून हे नाव. ते ग्रॅन्यूल पेशींना संदेश देतात. ग्रॅन्यूल पेशीचा अक्षतंतू सरळ वर चढतो, इंग्रजी टी अक्षरासारखा दोन्हीकडे फुटतो आणि पर्किन्जे पेशींच्या चपट्या पानांना आडवा छेदत जातो. हे समांतर तंतू. बोंबील सुकवायला बांबूंच्या मांडवावर ओळीनं दोऱ्या बांधतात, तसे ते एकाशेजारी एक धावतात. एका पर्किन्जे पेशीवर लाखाहून जास्त समांतर तंतूंचे सिनॅप्स, म्हणजे दोन पेशींमधले जोड, असतात.

दुसरा रस्ता आरोही तंतूचा. प्रौढ वयात एका पर्किन्जे पेशीला एकच आरोही तंतू मिळतो, पण तो फणसाच्या फांद्यांवर मिरवेल चढावी तसा तिला वेढून शेकडो ठिकाणी टेकतो. समांतर तंतू एकेकटा कुजबुजतो, आरोही तंतू हाक मारतो.

आता आजूबाजूच्या रोधक पेशी. बास्केट पेशी पर्किन्जे पेशीच्या शरीराभोवती तंतूंची टोपली विणते, स्टेलेट पेशी वरच्या फांद्यांवर टेकते आणि गॉल्जी पेशी खाली ग्रॅन्यूल पेशींना आवरते. सान्तियागो रामोन इ काहाल यांनी १८८८ मध्ये पक्ष्याच्या लहान मेंदूचे रंगवलेले काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि टोपलीचे हे धागे पेशीला भिडतात, तिच्यात मिसळत नाहीत, हे दाखवलं. चेतापेशी सुट्या असतात या विचाराला तिथून बळ मिळालं. सुट्या आहेत म्हणूनच मधे फट आहे, आणि फट आहे म्हणून आपला विषय आहे.

सगळ्यात खाली लहान मेंदूची खोल केंद्रकं काढा. पर्किन्जे पेशीचा अक्षतंतू तिथे उतरतो.

पायरी २: प्रत्येक टोकावर अधिक किंवा उणे लिहा

मॉसी तंतू, समांतर तंतू आणि आरोही तंतू ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन सोडतात. तिथे हिरवं अधिक चिन्ह. बास्केट, स्टेलेट आणि गॉल्जी पेशी प्रामुख्यानं गाबा हे रोधक रसायन सोडतात. तिथे लाल उणे चिन्ह. आणि पर्किन्जे पेशी? तीही गाबाच सोडते. इथे मुलं हमखास चुकतात. लहान मेंदूच्या सालीतून बाहेर पडणारा हा एकमेव आवाज रोधक आहे. शिवाय पर्किन्जे पेशी कुणी सांगितलं नाही तरी सेकंदाला कित्येक वेळा आपणहून स्पंदनं पाठवत असते, म्हणजे खोल केंद्रकांवर तिचा हात सतत ठेवलेला असतो. तो थोडा उचलला की केंद्रकं जास्त बोलतात, दाबला की कमी.

पायरी ३: टोकाच्या आत शिरा

कागदाच्या कोपऱ्यात एक टोक मोठं करून काढा. आत पुटिका आहेत, प्रत्येकीत रसायन भरलेलं. अक्षतंतूवरून विद्युत स्पंदन आलं की टोकावरच्या कॅल्शियम वाहिन्या क्षणभर उघडतात, कॅल्शियम आत येतं, पुटिका आवरणाला चिकटून फुटते आणि रसायन फटीत सांडतं.

पुढची गोष्ट मात्र सावकाश समजून घ्यायची आहे. कॅल्शियम आणि सांडणारं रसायन यांचं प्रमाण सरळ नाही. डॉज आणि रहमिमॉफ यांनी १९६७ मध्ये बेडकाच्या स्नायूवरच्या सिनॅप्सवर दाखवलं की रसायन सुटणं कॅल्शियमच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतं. लहान मेंदूतल्या समांतर तंतूंच्या टोकांवर हा घात तीनच्या आसपास येतो. कॅल्क्युलेटर घ्या. समजा आत येणारं कॅल्शियम फक्त २० टक्क्यांनी कमी झालं, म्हणजे ०.८ उरलं. ०.८ ला ०.८ नं गुणा, पुन्हा ०.८ नं गुणा. उत्तर ०.५१२. कॅल्शियम पाचव्या हिश्शानं घटलं आणि रसायन जवळपास निम्मं झालं. ३० टक्के घट धरली तर ०.७ चा घन, म्हणजे ०.३४३, केवळ तिसरा हिस्सा उरला.

हा गुणाकार मुलांकडून वहीत करून घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही. कॅल्शियम वाहिनीला जराशी चिमटी काढणारा रिसेप्टर सिनॅप्सची ताकद एवढी का बदलू शकतो, याचं उत्तर त्या तीन आकड्यांत आहे.

पायरी ४: आता टोकांना कान लावा

पाठवणाऱ्या टोकावर बसलेला रिसेप्टर म्हणजे प्रीसिनॅप्टिक रिसेप्टर. निळी पेन्सिल घ्या.

समांतर तंतूच्या टोकावर सर्वात जास्त कान आहेत. सीबी१ हा कॅनाबिनॉइड (भांगेतल्या द्रव्यासारखे रेणू) ओळखणारा रिसेप्टर, गाबा-बी, अ‍ॅडेनोसिनचा ए१ आणि ग्लुटामेटचा एमग्लूआर४. चौघांची नावं वेगळी, पण कामाची रीत साधारण एकच: आतल्या बाजूला रिसेप्टरला जोडलेलं जी-प्रथिन सुटतं, त्याचा एक तुकडा कॅल्शियम वाहिनीला जाऊन चिकटतो आणि वाहिनी नीट उघडत नाही. पुढचं पायरी ३ मध्ये आलंच. फरक आहे तो बोलणाऱ्यात. गाबा-बी शेजारच्या रोधक पेशीचं ऐकतो. ए१ परिसरात साठलेल्या अ‍ॅडेनोसिनचं ऐकतो. एमग्लूआर४ त्या टोकानंच सोडलेल्या ग्लुटामेटचं ऐकतो, म्हणजे स्वतःचाच आवाज ऐकून आवरतं घेतो. सीबी१ घेणाऱ्या पेशीचं ऐकतो.

म्हणून निळ्या टिंबाशेजारी रिसेप्टरचं नुसतं नाव लिहून थांबू नका. 'कुणाचं ऐकतो' हेही बाणानं दाखवा. परीक्षेत नावं विचारली जातात, पण समज बाणातून येते.

आरोही तंतूच्या आणि बास्केट पेशीच्या टोकांवरही सीबी१ काढा.

दर्यावर जाण्याआधी जेट्टीवर घेतलेला चहा इथेच आठवावा. चहातलं कॅफिन अ‍ॅडेनोसिनचे रिसेप्टर अडवतं, ए१ सुद्धा. आवरणारा कान बंद झाला की टोक अधिक मोकळेपणानं बोलतं. तरतरी येण्याचं सगळं कारण लहान मेंदूत नाही, ए१ मेंदूभर आहे. पण 'रोधक अडवला की वाढ' हे गणित रोजच्या कपातून लक्षात राहतं.

पायरी ५: एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत

'पुरे' म्हणण्याची गोष्ट उघडकीला आली ती लहान मेंदूतच. १९९१ मध्ये इसाबेल यानो, नाताली लरेश आणि अ‍ॅलन मार्टी उंदराच्या लहान मेंदूच्या जिवंत कापांवर काम करत होते. त्यांनी एका पर्किन्जे पेशीला विद्युत धक्का देऊन उत्तेजित केलं. नंतर काही काळ तिच्यावर येणारे रोधक प्रवाह घटले. संशय आधी घेणाऱ्या बाजूवर जातो: पर्किन्जे पेशीच गाबाला कमी दाद देत असेल. तसं आढळलं नाही. दाद उलट वाढली होती, कमी येत होता तो गाबाच. आणि हे सगळं पर्किन्जे पेशीच्या आतल्या कॅल्शियमवर अवलंबून होतं. म्हणजे बदल रोधक पेशीच्या टोकात झाला, पण त्याचं कारण पर्किन्जे पेशीत होतं. निरोप उलटा गेला होता.

निरोप्या सापडायला दहा वर्षं गेली. २००१ मध्ये एकाच सुमाराला तीन गटांचे शोधनिबंध आले. दोन गट हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मरणाशी संबंधित भागावर काम करत होते. तिसऱ्या गटातल्या अनातोल क्राइट्झर आणि वेड रेगेर यांनी लहान मेंदूत दाखवलं की पर्किन्जे पेशी उत्तेजित केली की समांतर आणि आरोही तंतूंची टोकंही ग्लुटामेट कमी सोडतात, आणि सीबी१ अडवला की हा परिणाम नाहीसा होतो. निरोप्या होता शरीरात तयार होणारा कॅनाबिनॉइड, आणि इथे तो मुख्यतः २-एजी नावाचा स्निग्ध रेणू.

तो कसा चालतो ते आकृतीवर बोट ठेवून म्हणा. पर्किन्जे पेशीत कॅल्शियम चढतं. पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध रेणूंपासून एक विकर २-एजी बनवतं. तो पुटिकेत साठवून ठेवलेला नसतो, गरज लागली की जागच्या जागी तयार होतो. तो फट उलट ओलांडतो, देणाऱ्या टोकावरच्या सीबी१ ला बसतो, जी-प्रथिन सुटतं, कॅल्शियम वाहिन्या आवरल्या जातात, रसायन घटतं. नंतर दुसरं विकर २-एजी तोडून टाकतं आणि मिनिटभरात सगळं पूर्ववत होतं. उघाडीची झडप खाडीच्या पाण्यानं बसावी आणि ओहोटीला पुन्हा उघडावी, तसंच.

समांतर तंतूंचा एकामागोमाग मारा झाला तरी हेच होतं. पर्किन्जे पेशीवरचा एमग्लूआर१ रिसेप्टर जागा होतो आणि त्या वाटेनंही २-एजी बनतो, तोही जिथे मारा झाला त्याच फांदीच्या आसपास.

शिमग्यात पालखी नाचवणाऱ्यांचे पाय बघा आणि भांग चढलेल्या माणसाचे पाय बघा. भांगेतला नशा आणणारा रेणू टीएचसी याच सीबी१ ला बसतो, आणि लहान मेंदूत सीबी१ खूप दाट आहे. २-एजी एका फांदीपाशी, काही सेकंदांसाठी, कारण घडलं म्हणून येतो. टीएचसी सगळीकडे एकदम पोचतो आणि तासन् तास राहतो. कान तोच, पण कुणी काय सांगितलं याचा अर्थच उरत नाही.

पायरी ६: उणे चिन्हं मोजा

रिसेप्टर रोधक आहे म्हणून शेवटचा परिणाम रोधक असेलच असं नाही. समांतर तंतूवरचा सीबी१ जागा झाला: रिसेप्टरचं एक उणे, समांतर तंतूचं अधिक, पर्किन्जे पेशीचं उणे. दोन उणे, म्हणून खोल केंद्रकांचं बोलणं वाढतं. तोच सीबी१ बास्केट पेशीच्या टोकावर असेल तर रिसेप्टरचं उणे, बास्केटचं उणे, पर्किन्जेचं उणे. तीन उणे, म्हणून केंद्रकं दबतात. एकच रेणू, एकच रिसेप्टर, आणि उलट निकाल. 'सीबी१ चं कार्य काय?' असा प्रश्न कुणी विचारला तर आधी 'कोणत्या टोकावरचा?' असं विचारा.

पायरी ७: बदल कोणत्या बाजूला झाला हे ओळखा

शोधनिबंध वाचताना ही कसोटी लागते. पहिली खूण जोडस्पंदनाची. दहा ते शंभर मिलिसेकंदांच्या अंतरानं दोन धक्के द्यायचे आणि दुसऱ्या प्रतिसादाला पहिल्यानं भागायचं. समजा समांतर तंतूवर पहिला १०० आणि दुसरा १६० आला, गुणोत्तर १.६. दुसरा मोठा का? पहिल्या वेळचं थोडं कॅल्शियम टोकात शिल्लक असतं आणि पुटिका फारशा खर्च झालेल्या नसतात. आता बॅक्लोफेन घाला. स्नायूंचा ताठरपणा कमी करायला डॉक्टर देतात तेच हे औषध, आणि ते गाबा-बी जागा करतं. समजा पहिला ५० आणि दुसरा १०० झाला; गुणोत्तर २. प्रतिसाद घटला आणि गुणोत्तर वाढलं, तर बदल देणाऱ्या बाजूला झाल्याचा संशय पक्का होतो. घेणाऱ्या पेशीचेच रिसेप्टर कमी झाले असते तर दोन्ही प्रतिसाद सारख्याच पटीत घटले असते. आरोही तंतूत मुळात दुसरा प्रतिसाद लहान असतो, कारण पहिल्याच हाकेत तो बहुतेक साठा सांडतो. तिथे गुणोत्तर एकाच्या खाली धरूनच चाला.

दुसरी खूण मिनी प्रवाहांची, आणि इथे आपल्या किनाऱ्यावरचा एक जीव येतो. जाळ्यात फुगलेला केंड आला की आमचे लोक तो खात नाहीत, कारण केंडाच्या अनेक जातींत टेट्रोडोटॉक्सिन हे जहाल विष असतं. ते सोडियम वाहिन्या बंद करतं. प्रयोगशाळेत तेच विष वापरून स्पंदनं थांबवतात. तरीही एखाददुसरी पुटिका आपोआप फुटते आणि तिचा इवलासा प्रवाह नोंदवता येतो. रिसेप्टर जागा केल्यावर अशा प्रवाहांची संख्या घटली पण आकार तोच राहिला, तर बदल देणाऱ्या टोकात. आकार घटला तर घेणाऱ्या पेशीत.

इथे एक धोंडा आहे, त्याला ठेच लागू देऊ नका. संख्या बदलली नाही म्हणून 'प्रीसिनॅप्टिक नाही' असा निष्कर्ष काढता येत नाही. मिनी प्रवाह बऱ्याचदा कॅल्शियम वाहिन्यांवर अवलंबून नसतात. रिसेप्टर फक्त वाहिन्याच आवरत असेल तर मिनी तसेच राहतील आणि धक्क्यानं सुटणारं रसायन मात्र घटेल. दोन्ही कसोट्या शेजारी ठेवूनच निकाल द्या.

पायरी ८: नियम मोडणाऱ्यांना जागा ठेवा

सगळे कान आवरणारे नाहीत. बास्केट आणि स्टेलेट पेशींकडून येणारा गाबा नॉरअ‍ॅड्रेनालिनमुळे वाढतो. समांतर तंतूंवर गाबा-ए रिसेप्टरही आहेत आणि ते रसायन सुटणं वाढवू शकतात. गाबा म्हटलं की रोध, हे सूत्र टोकावर आणून बसवलं की फसतं. आणि एएमपीए रिसेप्टर, ज्याला आपण घेणाऱ्या बाजूचा सरळसोट उत्तेजक रिसेप्टर म्हणतो, तो बास्केट पेशीच्या टोकावर उलट काम करतो. साताके आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की आरोही तंतूनं सोडलेलं ग्लुटामेट शेजारच्या बास्केट टोकापर्यंत पोचतं, तिथल्या एएमपीए रिसेप्टरला बसतं आणि गाबा घटवतं. आरोही तंतू एकाच वेळी स्वतः हाक मारतो आणि शेजारच्या आवरणाऱ्यालाही गप्प करतो.

आता शेवटचं काम तुमच्या कागदावर, खाली ग्रॅन्यूल पेशींच्या थरात. तिथे मॉसी तंतूचं फुगीर टोक, ग्रॅन्यूल पेशींची बोटं आणि गॉल्जी पेशीची टोकं एकाच दाट गुंत्यात असतात. मॉसी टोकावर गाबा-बी काढा आणि गॉल्जी टोकावर ग्लुटामेटचा एमग्लूआर. सायमन मिचेल आणि अँगस सिल्व्हर यांनी २००० मध्ये हे दोन्ही दाखवलं: गॉल्जीचा सांडलेला गाबा मॉसी टोकाला आवरतो आणि मॉसीचं सांडलेलं ग्लुटामेट गॉल्जी टोकाला आवरतं. दोन्ही बाण काढा, उणे चिन्हं मोजा आणि उत्तर लिहा: मॉसी तंतू जोरात बोलायला लागला तर ग्रॅन्यूल पेशीवरचा दाब वाढेल की कमी होईल? गॉल्जी जोरात असेल तर? दोघांची रस्सीखेच होते आणि जो आधी जोर धरतो तो दुसऱ्याच्या टोकाची झडप लावतो, असं तुमच्या आकृतीत दिसलं तर तुमचे बाण बरोबर आहेत.